न्यायालय उठेपर्यंत

परळीला लोक वैजनाथाच्या दर्शनाला जातात. मी माझ्या व्याह्यांचा निकाल ऐकायला गेले. चिपळूणहून निघताना शेजारणीने विचारलं, तेव्हा 'देवाला' असं सांगून मी मोकळी झाले. फौजदारी खटला हा काही ओटीवर बसून सांगायचा विषय नव्हे. पण आता जाऊन आले आहे, आणि मनात इतकं काही साठलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

माझी लेक नेहा बंगळूरला असते. तिचे दिवस भरत आलेले, त्यामुळे जावई तिला सोडून हलू शकत नव्हता. "आई, निकालाच्या दिवशी सासूबाईंजवळ आपलं कुणीतरी हवं गं," असं ती फोनवर म्हणाली. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, घरात एक मांजर. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. आमसुलांची पिशवी आणि फणसपोळी बॅगेत टाकली आणि निघाले.

परळी

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आमच्याकडे या दिवसांत झाडं धुतल्यासारखी हिरवी असतात. परळीत औष्णिक वीज केंद्राच्या बाजूने बस आत शिरली तेव्हा रस्त्याकडेच्या कडुलिंबांवर राखेचा थर बसलेला दिसला. राख पानांवर होती, टपऱ्यांच्या ताडपत्र्यांवर होती, आणि स्टँडवर उतरून पहिला घोट घेतला त्या चहाच्या बशीतही असावी. चहा मात्र फक्कड होता.

व्याही, बापूराव, घ्यायला आले होते. सत्तरी ओलांडलेला ताठ गडी, पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात काठी. सोबत चाळिशीतला एक दाढीवाला माणूस होता, शर्टाच्या बाह्यांना ग्रीसचे डाग. त्याने माझी बॅग उचलून छोट्या टेम्पोत ठेवली. त्या टेम्पोला तिकडे 'छोटा हत्ती' म्हणतात.

"हे रज्जाकभाई," बापूराव म्हणाले. "मोटारी भरत्यात, हिरीवरच्या."

मी नमस्कार केला. "शेजारी का तुमचे?"

"शेजारी कशाचे? माझ्यावर जी केस हाय ना, ती ह्यांचीच. आन ह्यांच्यावर जी हाय, ती माझी."

मला वाटलं, प्रवासाच्या शिणाने मी काहीतरी भलतंच ऐकलं. रज्जाकभाई मान डोलावत म्हणाले, "हां, ताई. क्रॉस केस हाय आमची. बसा, म्होरं बसा तुमी."

हे मला पचायला वेळ लागला. आम्ही कोकणातली माणसं कोर्टाच्या बाबतीत अडाणी नाही. आमच्याकडे आंब्याच्या एका फांदीवरून आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो. पण समोरचा पक्षकार एसटीत चढला, तर आपण खिडकीतून बाहेर बघत बसतो ते थेट उतरेपर्यंत. त्याच्या घरच्या लग्नाचा वास आला तरी दार लावून घेतो. आणि इथे फिर्यादी आरोपीला, की आरोपी फिर्यादीला, स्वतःच्या टेम्पोतून पाहुणे आणायला घेऊन आला होता.

वाटेत त्यांनी मला वैजनाथाचं दर्शन घडवलं. रज्जाकभाई खाली पायऱ्यांशी चपला सांभाळत थांबले. मी देवाला काय मागावं ते मला सुचेना, कारण एक सुटला तर दुसऱ्याचं काय, असा पेच होता. शेवटी 'तुला कळतं' एवढंच म्हणून हात जोडले.

विहीणबाईंचं घर

गाव परळीहून धर्मापुरीला जाणाऱ्या रस्त्यावर, थोडं आत. काळी जमीन, तूर फुलावर आलेली, बांधावर सीताफळीची झाडं. विहीणबाईंनी टोपलीभर सीताफळं माझ्यापुढे ठेवली. मी बिया नीट काढून बशीत ठेवत होते आणि त्या कौतुकाने बघत होत्या. माझी आमसुलं त्यांनी उघडून पाहिली, एक तोंडात टाकलं, आणि मग शेजारच्या बायकांना सुपारीसारखं एकेक वाटून टाकलं. वरणात घालायचं असतं, हे मी सांगेपर्यंत पिशवी संपली होती.

रात्रीच्या जेवणाला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. भाताच्या आशेने मी दोनदा भांड्याकडे पाहिलं, पण तो आलाच नाही. ठेचा 'जरासा' म्हणून वाढला त्याने मला उचकी लागली, ती गुळाच्या दोन खड्यांनी थांबली. आमटी मात्र अशी की अजून जिभेवर आहे.

जेवताना विहीणबाईंनी भांडणाची हकिकत सांगितली. नेहाचं लग्न ठरवताना ही गोष्ट आमच्या कानावर 'किरकोळ काहीतरी' म्हणून आली होती. झालं ते असं. विहिरीवरची मोटार जळली म्हणून रज्जाकभाईंनी ती भरून दिली, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून दिली. चार दिवसांत पुन्हा जळली आणि भुईमूग उभ्या उभ्या वाळला. बापूराव चौकातल्या त्यांच्या दुकानात गेले. शब्दाला शब्द लागला, बापूरावांनी काठी उचलली आणि रज्जाकभाईंच्या हातावर, पाठीवर घातली. तिसऱ्यांदा काठी उठली तेव्हा रज्जाकभाईंनी हातातला लोखंडी पाना मारला आणि बापूरावांचं डोकं फुटलं. दोघेही दोन वाटांनी एकाच पोलीस ठाण्यात पोचले.

"मोटार लाईटीच्या खेळानं जळलती, हे मागून कळलं," विहीणबाई म्हणाल्या. "तवर दोघांच्या साक्षी होऊन गेलत्या. राग ताजा व्हता ना. येकमेकाच्या विरुद्ध जे बोलायचं ते समदं बोलून बसले."

"मग मिटवलं का नाही?"

"भांडन मिटलं की. केस न्हाई मिटली. वकील मनले, हे कलम मिटवायचं न्हाई, निकालच घ्यावा लागतो."

भांडण कसं मिटलं तेही त्यांनी सांगितलं. एकदा तारखेच्या दिवशी एसटी आलीच नाही. बापूराव फाट्यावर उन्हात उभे होते. रज्जाकभाईंचा टेम्पो त्याच कोर्टाला, त्याच तारखेला चाललेला. त्यांनी थांबवून दार उघडलं. परळीपर्यंत दोघे एक अक्षर बोलले नाहीत. येताना पावसाने ओढ दिल्याचा विषय निघाला. पुढच्या तारखेपासून ठरूनच गेलं, आणि मग कित्येक वर्षं दोघे एका गाडीने कोर्टात जात राहिले, एका टपरीवर चहा पीत राहिले.

भांडी आवरून झाल्यावर रज्जाकभाईंची बायको शमीम आली. तिच्या एका हातात रिकामी पिशवी आणि दुसऱ्या हातात रज्जाकभाईंचे कपडे होते. विहीणबाईंनीही एक रिकामी पिशवी काढली. मग मी पाहिलं ते असं: शमीम बापूरावांची बंडी, टॉवेल, बीपीच्या गोळ्या पिशवीत भरत होती, आणि विहीणबाई शमीमने आणलेले रज्जाकभाईंचे कपडे दुसऱ्या पिशवीत. शिक्षा लागली तर कोर्टातूनच नेतात, म्हणून निकालाच्या दिवशी पिशवी तयार ठेवावी लागते. पण आपल्या माणसाची जेलची पिशवी आपल्या हाताने भरायची नाही, असं या दोघींनी ठरवलं होतं. शमीमच्या थोरल्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. ती टॉवेलाची घडी पुन्हा पुन्हा घालत होती.  मी उठून सकाळी सोबत न्यायच्या धपाट्यांचं पीठ मळायला घेतलं.

धर्मापुरी

सकाळी उठले तर बापूराव घरात नव्हते.

विहीणबाईंना वाटलं, शेताकडे गेले असतील. रज्जाकभाई टेम्पो घेऊन दारात आले, धपाटी बांधून झाली, तरी पत्ता नाही. फोन घरातच खुंटीला लटकत होता. मग दूधवाला म्हणाला, बापूंना त्याने उजाडता उजाडता धर्मापुरीच्या रिक्षात बसताना पाहिलं.

विहीणबाई ओट्यावर बसल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. "पळाले का काय वो हे?" त्या म्हणाल्या. मला खरंच भीती वाटली. आरोपी निकालाला हजर नसेल तर वॉरंट निघतं, एवढं वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. आमच्या शाळेत नापास होणारी पोरं निकालाच्या दिवशी धाकट्या भावाला पाठवत. कोर्टात ती सोय नाही, तिथे स्वतःच जावं लागतं.

"आनतो मी," रज्जाकभाई म्हणाले. मी म्हटलं, मीही येते. व्याही माणूस, माझ्यासमोर नाही म्हणायला लाजेल, असा माझा हिशेब होता. मागे हौद्यात दुरुस्तीची एक मोटार होती, ती प्रत्येक खड्ड्यात धडधडत होती. रज्जाकभाई सारखे घड्याळ बघत होते, पण बापूरावांना त्यांनी एकही वावगा शब्द लावला नाही. "डोस्क्यात काय तरी घेतलं आसंल म्हाताऱ्यानं," एवढंच म्हणाले.

धर्मापुरीचं जुनं देऊळ मी एरवी दिवसभर पाहिलं असतं. काळ्या दगडाचं, बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या बायका, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. सकाळचं ऊन त्यांच्यावर तिरकं पडलं होतं. कोकणातली आमची कौलारू देवळं याच्यापुढे घरगुती वाटतात. पण त्या दिवशी मी चपला काढून सरळ मंडपात गेले. बापूराव एका खांबाला टेकून बसले होते, काठी आडवी मांडीवर.

"बापू, उठा. पुकारा व्हईल," रज्जाकभाई म्हणाले.

"मी येत न्हाई."

"कावून?"

"आरोपी हजर नसला तर निकाल देत न्हाईत. इतकी वर्सं कोर्टात काय गवत उपटलं का मी? मी गेलो न्हाई की निकाल फुडं जातो. तुझ्या पोरीचं लगीन हू दे. मंग येतो मी. जे व्हायचं ते व्हईल."

रज्जाकभाई त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "आन वॉरंट निघंल ते?"

"माझ्या नावानं निघंल ना. तुला काय करायचंय बे?"

मी मध्ये पडले. म्हटलं, आधी वकिलांना विचारू या. रज्जाकभाईंनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. दोघांचे वकील वेगळे, फोन लावला होता तो बापूरावांच्या वकिलांना, ते दोघांनाही ओळखत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बापूराव, खटले दोन आहेत. तुमच्या खटल्यात तुम्ही आरोपी. रज्जाकच्या खटल्यात तुम्ही फिर्यादी, आरोपी तो एकटाच. तुम्ही आला नाहीत म्हणून त्याचा निकाल अडणार नाही. त्याचा लागेल. तुमचं मात्र वॉरंट निघेल आणि जामीन जाईल."

बापूराव फोनकडे वाकले. "दोन कशा काय?" ते म्हणाले. "येकच तर हाय आमची. येकाच गाडीनं जातो की आमी."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कोर्टाच्या दप्तरी दोन खटले चालत होते, आणि या माणसाच्या डोक्यात इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात त्यांचा एक झाला होता. हा घोळ शाळेत शिकलेल्या माणसाकडून झाला नसता.

मग त्यांनी विचारलं, "म्हंजे ह्यो तितं येकटाच उभा ऱ्हानार?"

"एकटाच," वकील म्हणाले.

बापूराव काठी टेकून उठले. टोपी नीट केली. "चला मंग. बसलाव काय हितं?" असं आम्हालाच म्हणाले आणि पुढे चालू लागले.

कोर्ट

येताना गावातून विहीणबाईंना घेतलं; शमीम घरीच थांबली. पुढे दोघांपुरतीच जागा, तिथे रज्जाकभाई आणि बापूराव. आम्ही दोघी विहिणी मागे हौद्यात गोधडी टाकून, मोटारीला टेकून बसलो. परळीत शिरताना राखेच्या गाड्या समोरून गेल्या. कोर्टाच्या आवारात उतरले तेव्हा माझा अंबाडा विहीणबाईंच्या अंबाड्याइतकाच पांढरा झाला होता. त्यांनी आपल्या पदराने माझं तोंड पुसलं. विहिणींनी एकमेकींचा मान ठेवायचा असतो तो असा, हे मला नवीन होतं.

कोर्टातली खोली माझ्या वर्गाएवढीच होती. न्यायाधीश तरुण बाई होत्या, माझ्या नेहाच्या वयाच्या असाव्यात. गावाकडची माणसं त्यांना साहेबच म्हणत होती. आधी रज्जाकभाईंचं नाव पुकारलं. ते कठड्यात उभे राहिले, हात पुढे बांधून. बापूराव बाकावरून सरकत सरकत कठड्याच्या अगदी जवळच्या टोकाला जाऊन बसले.

साहेबांनी वाचून दाखवलं. फिर्यादीने, म्हणजे बापूरावांनी, उलटतपासणीत कबूल केलं होतं की काठी आधी त्यांनीच उचलली. आरोपीने पाना मारला तो स्वतःला वाचवायला. म्हणून निर्दोष. रज्जाकभाईंना लगेच कळलं नाही. त्यांचे वकील हळूच म्हणाले, "सुटलास." त्यांनी मान खाली घातली आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटले.

मग बापूराव. तीच काठी, तीच कबुली, आणि या वेळी ती त्यांच्याच अंगावर आली. दोषी. विहीणबाईंनी माझा हात धरला.  साहेबांनी वर बघून विचारलं, "शिक्षेबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे?"

बापूराव म्हणाले, "काठी मीच उचललती, साहेब. खोटं कशाला बोलू? ह्याला सोडलंत, ते लई बरं झालं. आता मला काय द्यायचं ते द्या."

 साहेबांनी थोडा वेळ कागद पाहिले. मग त्यांनी वय सांगितलं, एवढ्या वर्षांत दुसरा गुन्हा नाही हे सांगितलं, दोघांत आता वैर नाही हे सांगितलं, आणि शिक्षा सांगितली: दंड, आणि न्यायालय उठेपर्यंत साधी कैद.

विहीणबाई पिशवी घेऊन उठल्याच. बापूरावही कठड्यातून उतरून पोलिसासमोर जाऊन उभे राहिले. "चला," म्हणाले.

"कुठं?" पोलिसाने विचारलं.

"जेलात."

"बसा, आजोबा, इथंच. संध्याकाळी साहेब उठेपर्यंत इथंच बसायचं, बाहेर जायचं नाही. तीच शिक्षा."

"हितंच?"

"इथंच."

अशी शिक्षा असते हे मलाही माहीत नव्हतं. विहीणबाई एकदम रडायला लागल्या, आणि रडता रडता मला म्हणाल्या, "बसवलंय फकस्त." मीही डोळे पुसले. मला त्या घटकेला त्या तरुण बाईंबद्दल फार आदर वाटला, तो इथे सांगून टाकते.

दंड भरून झाल्यावर बापूराव मागच्या बाकावर भिंतीकडेला बसले. रज्जाकभाई कागदांवर सह्या करून बाहेर गेले. विहीणबाई मला म्हणाल्या, त्यांचं दुकान खोळंबलंय, शमीमलाही सांगायचं असेल, जाऊ द्या त्यांना, आपण एसटीने जाऊ. मला ते पटलं. पण ते थोड्या वेळाने परत आले, चपला दाराबाहेर काढल्या, आणि बापूरावांच्या शेजारी येऊन बसले.

दुपारी पंखा फिरत राहिला आणि दुसऱ्यांचे खटले चालू राहिले. कुणाची तारीख पडली, कुणाचा साक्षीदार आला नाही. बापूरावांना डुलकी लागली की रज्जाकभाई कोपराने हलवत, कारण झोपलं तर साहेब रागावतील अशी त्यांना भीती. धपाटी तशीच राहिली, आत खाता येईना. मधल्या सुट्टीत पोलिसाने बापूरावांना पाणी आणून दिलं आणि रज्जाकभाईंना म्हणाला, "तुम्हाला बसायची काही गरज नाही. तुमचं काम झालं."

"ठाव हाय, साहेब," रज्जाकभाई म्हणाले, आणि बसून राहिले.

त्याच सुट्टीत त्यांचा फोन वाजला. कुणाची तरी मोटार बंद पडली होती. ते व्हरांड्याच्या दारात उभे राहून हळू आवाजात बोलत होते, ते मला ऐकू आलं.

"उद्या येतो, दादा. आज कोर्टात हाय... न्हाई न्हाई, सुटलोय मी... हां, सकाळीच सुटलोय. पर बसलोय."

ऊन खिडकीतून सरकत सरकत समोरच्या भिंतीवर गेलं. शेवटचा कागद आत गेला. साहेबांनी पेन ठेवलं आणि त्या उठल्या. खोलीतले सगळे उभे राहिले, वकील, कारकून, पोलीस, आम्ही दोघी. साहेब आतल्या दाराने निघून गेल्या. बापूरावांनी पोलिसाला विचारलं, "जाऊ का?" त्याने मान हलवली.

बापूराव काठी टेकून उभे होते. एवढा वेळ बसून पाय आखडल्यामुळे रज्जाकभाई तेवढे अजून बाकावरच होते. बापूरावांनी त्यांच्यापुढे हात केला.

"चल बे, ऊठ," ते म्हणाले. "सुटलो आपन."